लाकडावर लोखंड : आंरी द्युप्वी द लोम आणि त्यांची 'ग्लुआर'

वाचण्यापूर्वी

या धड्यात एका फ्रेंच इंजिनियरची गोष्ट आहे. त्यांनी बांधलेल्या एका जहाजामुळे जगातली सगळी मोठी लाकडी लढाऊ जहाजं जुनी झाली. पुढे ते जहाजही फार लवकर जुनं झालं. असं का झालं, ते वाचताना शोधा.

काही शब्द आधी बघून ठेवा. गोदी म्हणजे जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची जागा. शीड म्हणजे वारा धरणारं मोठं कापड, आणि ते ज्या उंच खांबाला बांधतात ती डोलकाठी. आगबोट म्हणजे वाफेच्या इंजिनावर चालणारं जहाज. चिलखत म्हणजे लढाईत अंगाचं रक्षण करणारा लोखंडी पोशाख. इथे मात्र चिलखत माणसाने नाही, जहाजाने घातलं आहे!

१. 'पूर्व' नावाचं गाव

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रदेश आहे. तिथे समुद्रकाठी लोरियाँ नावाचं बंदर आहे. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ होतो 'पूर्व'. आता पश्चिमेच्या टोकाला असलेल्या गावाचं नाव 'पूर्व' कसं? तर हे बंदर सतराव्या शतकात भारताशी व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीसाठी वसवलं गेलं. इथून निघालेली जहाजं पूर्वेकडे, सुरत आणि पाँडिचेरीपर्यंत जायची.

या लोरियाँजवळ १५ ऑक्टोबर १८१६ रोजी आंरी द्युप्वी द लोम यांचा जन्म झाला. त्यांचं पूर्ण नाव बरंच लांब आहे, म्हणून आपण त्यांना 'द्युप्वी' म्हणू या. वडील नौदलात अधिकारी होते. गावात नौदलाची गोदी होती. म्हणजे जहाजं, दोर, डांबर आणि करवतीचा आवाज हे सगळं या मुलाच्या घराजवळच होतं.

त्या काळातलं लढाऊ जहाज कसं असायचं? ते पूर्ण लाकडी असायचं. दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा आणि वर तीन उंच डोलकाठ्या. द्युप्वींचा जन्म झाला त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातले पारशी कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी जहाजं बांधत होते. त्यांतलं 'त्रिंकोमाली' हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल, तर हार्टलपूल या गावी आजही ते बघता येतं. मुंबईत घडलेलं हे जहाज दोनशे वर्षांनंतरही तरंगतं आहे. त्याचं नाव लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ते पुन्हा एकदा येणार आहे.

ही लाकडी जहाजं सुंदर होती, मजबूतही होती. पण त्यांच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे वारा. वारा नसेल किंवा उलट असेल, तर कितीही शूर कप्तान असला तरी घोडं तिथेच अडायचं. दुसरी अडचण म्हणजे आग. लाकूड, दोर, कापड, डांबर आणि पोटात बारूद! एक ठिणगी पडली तरी संपलं.

द्युप्वींचं जवळजवळ सगळं काम या दोन अडचणींभोवती झालं. आधी त्यांनी वाऱ्याचा प्रश्न हाती घेतला आणि मग आगीचा.

२. इंग्लंडची सफर

१८३५ मध्ये द्युप्वी पॅरिसच्या 'एकोल पॉलितेक्निक' या नामवंत संस्थेत दाखल झाले. पुढे ते नौदलाचे इंजिनियर झाले. १८४२ मध्ये सरकारने त्यांना एका खास कामासाठी इंग्लंडला पाठवलं. तिथे लोक लोखंडाची जहाजं कशी बांधतात, ते बघून यायचं होतं.

तुम्ही म्हणाल, लोखंड तर पाण्यात बुडतं, मग त्याचं जहाज कसं? लोखंडाचा गोळा बुडतो, हे खरं. पण स्वयंपाकघरातली कढई पाण्यात ठेवून बघा. ती तरंगते. कारण कढई आतून पोकळ असते आणि ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. जहाजाचंही तसंच.

त्या दिवसांत ब्रिस्टलमध्ये 'ग्रेट ब्रिटन' नावाची प्रचंड आगबोट बांधली जात होती. तिचं अंग लोखंडी होतं आणि तिला पाण्याखाली फिरणारा पंखा होता. इंग्लंडचे कारखाने फ्रान्सच्या खूप पुढे होते. द्युप्वींनी जे पाहिलं त्याचा बारकाईने अहवाल लिहिला, आणि १८४४ मध्ये तो पुस्तकरूपाने छापला गेला.

मग १८४५ मध्ये त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली : लढाऊ जहाज लोखंडाचं बांधायचं आणि वर त्याला लोखंडी चिलखतही चढवायचं. तेव्हा ते जेमतेम २८ वर्षांचे होते. कल्पना मंजूर झाली नाही.

नकार देणारे लोक मूर्ख होते का? नाही. त्या काळात पातळ लोखंडी पत्र्यांवर तोफा डागून बघण्याचे प्रयोग झाले होते. गोळा लागला की पत्रा फाटायचा आणि त्याचे धारदार तुकडे आतल्या माणसांवर उडायचे. लाकडाला पडलेलं भोक बुजवता यायचं, पण फाटलेल्या पत्र्याचं भोक बुजवताना खलाशांच्या नाकी नऊ यायचे. त्यामुळे नौदलाला लोखंडावर भरवसा नव्हता. पुरेसं जाड लोखंड बनवणं आणि ते वाहून नेईल असं इंजिन बनवणं, ही दोन्ही कामं अजून व्हायची होती.

द्युप्वींनी कल्पना बाजूला ठेवली. सोडून मात्र दिली नाही.

३. वाऱ्याची वाट न बघणारं जहाज

आगबोटी तेव्हा नव्या नव्हत्या. पण बहुतेक आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाकं असायची, पाणचक्कीसारखी. लढाऊ जहाजासाठी ही चाकं अगदी गैरसोयीची होती. एक तर तोफांची जागा चाकंच खाऊन टाकायची. शिवाय शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की जहाज जागच्या जागी लंगडं व्हायचं.

पंख्याची गोष्ट वेगळी होती. पंखा मागच्या बाजूला, पाण्याखाली फिरतो. तो शत्रूला दिसत नाही आणि तोफांच्या आड येत नाही. काही देश आपल्या जुन्या शिडाच्या जहाजांत छोटी इंजिनं बसवायला लागले होते. वारा नसेल तेव्हा थोडी मदत, एवढाच त्यांचा विचार होता.

द्युप्वींनी उलट विचार केला. त्यांच्या जहाजात इंजिन मुख्य आणि शीड मदतीला! सुरुवातीपासून इंजिन गृहीत धरून त्यांनी ९० तोफांचं जहाज आखलं. तुलाँ या दक्षिणेकडच्या बंदरात १८४८ मध्ये काम सुरू झालं आणि १८५० मध्ये जहाज पाण्यात उतरलं. त्याचं नाव 'नेपोलियन'. वेग साधारण १३ नॉट, म्हणजे तासाला सुमारे २४ किलोमीटर. आज सायकलसुद्धा या वेगाने जाते. पण ९० तोफा घेऊन, वाऱ्याशिवाय, या वेगाने जाणारं जहाज तेव्हा जगात दुसरं नव्हतं.

१८५३ मध्ये या जहाजाची जणू जाहीर परीक्षाच झाली. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटत होतं. फ्रेंच आणि ब्रिटिश जहाजांना दार्दानेल्स नावाच्या अरुंद सामुद्रधुनीतून इस्तंबूलकडे जायचं होतं. पण वारा समोरून आणि पाण्याचा प्रवाहही समोरून! शिडाची जहाजं वारा बदलायची वाट बघत थांबली. 'नेपोलियन' मात्र निघालं. एवढंच नाही, तर सेनापतींचं 'व्हिल द पारी' हे शंभराहून जास्त तोफांचं अवाढव्य जहाज दोराने बांधून मागे ओढत घेऊन गेलं. बाकीचे बघतच राहिले.

त्या दिवशी वाऱ्याचा प्रश्न सुटला, असं म्हणायला हरकत नाही.

४. दोन लढाया, दोन धडे

आता उरला आगीचा प्रश्न. त्याच युद्धात दोन घटना घडल्या. पहिलीने भीती दाखवली आणि दुसरीने वाट.

३० नोव्हेंबर १८५३ रोजी काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरात रशियन आरमाराने तुर्की जहाजांवर हल्ला केला. रशियनांकडे नव्या प्रकारच्या तोफा होत्या. त्यांचा गोळा नुसता आदळत नव्हता, तो लाकडात घुसून फुटत होता. काही तासांत बंदरातली जवळजवळ सगळी तुर्की जहाजं जळून खाक झाली. एक आगबोट तेवढी निसटली. हजारो खलाशी मरण पावले. सगळ्या जगाच्या नौदलांचं धाबं दणाणलं. म्हणजे आपलीही जहाजं अशीच जळणार?

दुसरी घटना १७ ऑक्टोबर १८५५ ची. काळ्या समुद्रावरच्या किनबर्न किल्ल्यासमोर फ्रान्सने तीन विचित्र बोटी आणल्या. दिसायला बेढब, चालायला अतिशय मंद. पण त्यांच्या अंगावर सुमारे १० सेंटिमीटर जाड लोखंडी पाट्या होत्या. किल्ल्यावरून गोळ्यांचा पाऊस पडला. गोळे पाट्यांवर आदळले आणि घसरून पाण्यात पडले. जे थोडे खलाशी दगावले, ते मुख्यतः तोफांच्या खिडक्यांतून आत आलेल्या गोळ्यांमुळे. लोखंडातून गोळा आत आला नाही. थोड्याच तासांत किल्ला शरण आला.

या तीन बोटी द्युप्वींनी आखलेल्या नव्हत्या. शिवाय त्या खुल्या समुद्रावर लढायच्या उपयोगाच्याही नव्हत्या. त्यांना ओढूनच आणावं लागलं होतं. पण दहा वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेल्या कल्पनेला आता पुरावा मिळाला होता. पाट्या पुरेशा जाड असतील, तर चिलखत काम करतं!

आता हवं होतं 'नेपोलियन'चा वेग आणि किनबर्नचं चिलखत एकत्र आणणारं जहाज.

५. 'ग्लुआर'चा आराखडा

१८५७ मध्ये द्युप्वी फ्रेंच नौदलाच्या जहाजबांधणीचे प्रमुख झाले. वय फक्त चाळीस. आता निर्णय त्यांच्या हातात होता. पण निर्णय हातात असला म्हणजे साधनंही हातात असतात, असं नाही.

अडचण अशी होती. लोखंडी चिलखत जड असतं. ते लाकडी जहाजाच्या अंगावर चढवलं, तर जहाज खाली बसतं, हळू होतं आणि जोरात डोलतं. पूर्ण लोखंडी जहाज बांधणं जास्त चांगलं, हे द्युप्वींना १८४५ पासून ठाऊक होतं. पण फ्रान्सच्या कारखान्यांतून तेवढं लोखंड वेळेत मिळणं कठीण होतं. चिलखताच्या पाट्या बनवतानाच त्यांची दमछाक व्हायची. लाकूडकाम करणारे कुशल सुतार मात्र प्रत्येक गोदीत होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हा वाद होतो. सगळं उत्तम जमेपर्यंत थांबायचं, की आज जे जमतंय ते नीट करून लोकांच्या हातात द्यायचं? दोन्ही बाजूंचं बरोबर असतं आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते.

द्युप्वींनी आज जमेल ते निवडलं. आतून लाकूड, बाहेरून लोखंड!

मग वजनाचं काय? इथे त्यांचं खरं कौशल्य दिसतं. त्यांनी स्वतःच्याच 'नेपोलियन'चा आकार घेतला. त्या जहाजात तोफांचे दोन मजले होते. त्यांनी वरचा मजला काढून टाकला. जहाज थोडं लांब केलं. मजला आणि तोफा कमी झाल्यामुळे जे वजन वाचलं, ते चिलखतावर खर्च केलं. घराचं बजेट आखताना आपण एका बाजूचा खर्च कमी करून दुसरीकडे लावतो ना, अगदी तसं.

हे नवं जहाज म्हणजे 'ग्लुआर'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'कीर्ती'. तिची मापं अशी :

लांबी सुमारे ७८ मीटर, रुंदी १७ मीटर.
वजन सुमारे ५,६०० टन. त्यातलं ८०० टनांहून जास्त वजन नुसत्या चिलखताचं.
चिलखताची जाडी जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर, आणि त्यामागे जाडजूड लाकडी भिंत.
तोफा ३६.
वेग सुमारे १३ नॉट, म्हणजे 'नेपोलियन'इतकाच.

पुन्हा एकदा तोफांचा आकडा बघा. 'नेपोलियन'वर ९०, 'ग्लुआर'वर फक्त ३६. जुन्या हिशेबाने बघितलं तर हे दुबळं जहाज! तोवर जहाजाची ताकद तोफा मोजून ठरवत असत. पण समोरच्याचे गोळे तुमच्या अंगात शिरतच नसतील, तर त्याच्या शंभर तोफांचा उपयोग काय? द्युप्वींनी मोजायची पट्टीच बदलून टाकली.

तुलाँच्या गोदीत १८५८ मध्ये काम सुरू झालं. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी 'ग्लुआर' पाण्यात उतरली आणि १८६० च्या ऑगस्टमध्ये पूर्ण तयार झाली. खुल्या समुद्रावर जाणारी ही जगातली पहिली चिलखती युद्धनौका.

६. खाडीपलीकडची धावपळ

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामध्ये अरुंद समुद्र आहे. इतकी वर्षं इंग्लंडला आपल्या आरमाराचा मोठा आधार वाटत होता, कारण त्यांच्याकडे लाकडी जहाजं सगळ्यांत जास्त होती. 'ग्लुआर'मुळे तो आधार एकाएकी डळमळला. शंभर जुन्या जहाजांपेक्षा दहा नवी जहाजं भारी ठरणार असतील, तर आधीची आघाडी काय कामाची?

इंग्लंडमध्ये खळबळ माजली. पोर्टस्मथच्या आसपास नवे किल्ले बांधायला घेतले. ते आजही तिथे उभे आहेत. आणि १८५९ च्या मे महिन्यात, म्हणजे 'ग्लुआर' अजून गोदीतच असताना, इंग्लंडने स्वतःचं चिलखती जहाज बांधायला घेतलं : 'वॉरियर'.

'वॉरियर' १८६१ मध्ये तयार झालं. ते 'ग्लुआर'पेक्षा ५० मीटर लांब होतं. वजन नऊ हजार टनांहून जास्त, वेगही थोडा जास्त. त्याच्या चिलखतामागे सागवानाचा जाड थर होता. पण सगळ्यांत मोठा फरक आत होता. 'वॉरियर'चा सांगाडा लोखंडी होता. १८४५ मध्ये द्युप्वींनी जे सुचवलं होतं, ते इंग्लंडने करून दाखवलं, कारण इंग्लंडकडे तसे कारखाने होते.

म्हणजे बघा, जगातली सगळी मोठी लाकडी जहाजं 'ग्लुआर'ने जुनी केली. त्यांत द्युप्वींचं लाडकं 'नेपोलियन'ही आलं. आणि 'ग्लुआर' स्वतः किती दिवस सगळ्यांत नवी राहिली? जेमतेम सव्वा वर्ष!

मग द्युप्वींची निवड चुकली का? घाई करू नका, पुढे वाचा.

७. 'ग्लुआर'चं आयुष्य

'ग्लुआर'ला दोन जुळ्या बहिणी होत्या : 'आँव्हँसिब्ल', म्हणजे 'अजिंक्य', आणि 'नॉर्मंदी'. १८६२ मध्ये फ्रान्सची मेक्सिकोत मोहीम चालू होती. तेव्हा 'नॉर्मंदी' अटलांटिक महासागर ओलांडून तिकडे गेली. एवढा मोठा समुद्र पार करणारी ती पहिली चिलखती नौका. लोखंड चढवलेलं जहाज मोठ्या लाटांत टिकेल का, ही शंका मिटली. पण त्या मोहिमेत पीतज्वराची साथ आली आणि तिच्यावरचे अनेक खलाशी दगावले. लोखंडी पाटी गोळा अडवू शकते, डास नाही.

त्याच वर्षी, मार्च १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात 'मॉनिटर' आणि 'व्हर्जिनिया' ही दोन चिलखती जहाजं व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याजवळ समोरासमोर आली. कित्येक तास त्यांनी एकमेकांवर गोळे डागले, पण कोणीच कोणाला बुडवू शकलं नाही. तुम्ही अमेरिकेत शिकत असाल, तर इतिहासाच्या तासाला ही नावं ऐकली असतील. आता त्यांच्याआधीची गोष्टही तुम्हाला माहीत झाली.

आणि खुद्द 'ग्लुआर'? तिने आयुष्यात एकही लढाई लढली नाही. तिच्यात दोषही होते. तोफांच्या खिडक्या पाण्यापासून दोन मीटरसुद्धा उंच नव्हत्या. समुद्र खवळला की त्या उघडणं कठीण व्हायचं. लाटांत ती खूप डोलायची. १८६० च्या दशकाच्या शेवटी तिच्यावर नव्या तोफा चढवल्या गेल्या, कारण तोवर तोफाही बदलल्या होत्या. चिलखत जाड झालं की तोफा मोठ्या व्हायच्या आणि तोफा मोठ्या झाल्या की चिलखत आणखी जाड. ही शर्यत 'ग्लुआर'नेच सुरू केली होती आणि तिला स्वतःलाच ती झेपली नाही.

पण खरा शत्रू आत होता. बाहेर लोखंड आणि आत लाकूड. लाकूड नीट वाळलेलं नसेल तर ते कुजतं. 'आँव्हँसिब्ल' आणि 'नॉर्मंदी' या दोघी दहा-बारा वर्षांतच निकामी झाल्या. 'ग्लुआर' जास्त टिकली. १८७९ मध्ये तिचं नाव नौदलाच्या यादीतून काढलं आणि १८८३ मध्ये ती भंगारात गेली.

आता मुंबईचं 'त्रिंकोमाली' आठवा. चांगलं सागवान असेल आणि निगा राखली, तर लाकूड दोनशे वर्षं टिकतं. दुसरीकडे 'कुरॉन' नावाचं एक फ्रेंच चिलखती जहाज होतं. ते 'ग्लुआर'च्याच काळातलं, पण त्याचा सांगाडा लोखंडी होता आणि ते दुसऱ्या इंजिनियरने आखलं होतं. ते अगदी १९३० च्या दशकापर्यंत शिल्लक होतं. लाकूड टिकतं, लोखंडही टिकतं. पण लाकूड आणि लोखंड घाईघाईने एकत्र बांधलं की ते फार टिकत नाही. द्युप्वींच्या निवडीची ही किंमत होती.

आणि मिळालं काय? वेळ. लोखंडी जहाजाची वाट बघत थांबले असते, तर इंग्लंड पहिलं आलं असतं. 'ग्लुआर' झटपट तयार झाली म्हणून १८६० मध्येच फ्रान्सला दहा नव्या चिलखती जहाजांची मागणी नोंदवता आली. ती दहाही जहाजं जवळपास एकसारखी होती, म्हणजे ती एकत्र, एकाच वेगाने चालू शकत. त्यांतलं एक तर पूर्ण लोखंडी सांगाड्याचं होतं. पहिली पायरी चढल्यावरच दुसरी दिसते.

८. पाण्यातून आकाशात

एवढं काम झाल्यावर एखादा माणूस आरामात बसला असता. द्युप्वी १८६६ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, १८६९ मध्ये खासदार म्हणून निवडून आले. पण पुढच्याच वर्षी प्रशियाशी युद्ध झालं आणि जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरातून बाहेर पडायचा एकच रस्ता उरला : आकाश! लोक गॅसच्या फुग्यांतून पत्रं घेऊन उडत. पण फुगा वारा नेईल तिकडे जातो. तो बाहेर जाऊ शकत होता, परत येऊ शकत नव्हता.

ओळखीचा प्रश्न वाटतो ना? पुन्हा वाराच! सरकारने द्युप्वींना वाटेल तिकडे नेता येईल असा फुगा बनवायला सांगितलं. तो तयार होण्याआधीच वेढा संपला आणि फ्रान्स हरला. तरी त्यांनी काम पूर्ण केलं. २ फेब्रुवारी १८७२ रोजी पॅरिसजवळच्या व्हँसेनमधून हा ३६ मीटर लांबीचा फुगा उडाला. त्यात चौदा माणसं होती आणि पंचावन्न वर्षांचे द्युप्वी स्वतःही होते. पंखा फिरवायला इंजिन नव्हतं. आठ माणसं हाताने दांडा फिरवत होती! गॅसने भरलेल्या फुग्याखाली आग पेटवणं धोक्याचं होतं ना, म्हणून.

माणसांच्या बळावर वेग मिळाला तासाला दहा किलोमीटरच्या आसपास. वारा त्याहून जोरदार होता. त्यामुळे फुगा निघाल्या जागी परत येऊ शकला नाही, पण वाऱ्याच्या दिशेपासून थोडा बाजूला वळवता आला. सुमारे शंभर किलोमीटरवर तो सुखरूप उतरला. बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, दोन फ्रेंच अधिकाऱ्यांनी विजेच्या मोटरवर चालणारा फुगा उडवला आणि निघाल्या जागी परत आणला. द्युप्वींच्या हयातीतच हे घडलं.

शेवटच्या वर्षांत त्यांच्या डोक्यात विजेवर चालणाऱ्या पाणबुडीचा विचार होता. १ फेब्रुवारी १८८५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. ते काम त्यांचे सहकारी ग्युस्ताव्ह झेदे यांनी पुढे नेलं आणि १८८८ मध्ये 'जिम्नोत' ही छोटी पाणबुडी पाण्यात उतरली.

९. काय उरलं?

आज 'ग्लुआर' बघायची म्हटली तर ती कुठेच नाही. तिची प्रतिस्पर्धी 'वॉरियर' मात्र पोर्टस्मथला दिमाखात उभी आहे. तिच्यावर चढून, तिच्या लोखंडी भिंतीला हात लावून बघता येतं. ती उभी आहे ती 'ग्लुआर'मुळे. 'ग्लुआर' नसती, तर 'वॉरियर' एवढ्या घाईने बांधायची गरजच पडली नसती.

द्युप्वींचं नाव लोरियाँमधल्या एका शाळेला दिलेलं आहे. फ्रेंच नौदलाचं त्यांच्या नावाचं एक जहाज आजही समुद्रात फिरतं.

त्यांच्या आयुष्याकडे बघितलं की एक गोष्ट सारखी दिसते. 'ग्लुआर' 'वॉरियर'ने मागे टाकली, फुगा दुसऱ्यांनी परत आणला, पाणबुडी दुसऱ्याने बांधली. प्रत्येक वेळी त्यांनी हाताशी असलेल्या साहित्यातून पहिली पायरी बांधली आणि तिच्यावर पाय ठेवून दुसरं कोणीतरी वर गेलं. पहिल्या पायरीवर सगळ्यांत जास्त पाय पडतात, म्हणून ती सगळ्यांत लवकर झिजते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) 'लोरियाँ' या नावाचा अर्थ काय? ते नाव का पडलं?
(आ) लढाऊ जहाजासाठी चाकांपेक्षा पंखा चांगला का?
(इ) 'ग्लुआर'वर 'नेपोलियन'पेक्षा कमी तोफा का होत्या?

२. हे वाक्प्रचार धड्यात शोधा. अर्थ लिहा आणि स्वतःचं वाक्य बनवा.
घोडं अडणे, नाकी नऊ येणे, धाबं दणाणणे.

३. घरी बोला, मग लिहा.
तुम्ही १८५८ मध्ये द्युप्वींच्या जागी असता, तर लाकडावर लोखंड चढवलं असतं, की पूर्ण लोखंडी जहाजासाठी थांबला असता? आई, बाबा किंवा आजीआजोबांना हाच प्रश्न मराठीत विचारा. त्यांचं उत्तर आणि तुमचं उत्तर आठ-दहा ओळींत लिहा. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर फारच छान!